उत्तराची घाई नको

श्रोतेहो, आरंभीच एक प्रश्न विचारतो. शंभर फूट लांबीचा एक सरळ बांध आहे. त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दर दहा फुटांवर एक, असे खांब रोवायचे आहेत. एकूण किती खांब लागतील? मनातल्या मनात उत्तर द्या.

आपल्यापैकी बहुतेकांनी शंभराला दहाने भागले असेल आणि ‘दहा’ म्हटले असेल. शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत मी हाच प्रश्न विचारला, तेव्हा पुढच्या बाकांवरून दहाच्या दहा बोटे वर झाली. मागे बसलेला एक मुलगा मात्र म्हणाला, “सर, अकरा लागतील. आम्ही परवाच कुंपण घातलं. दहा खांब आणले होते, एक कमी पडला.” पोराचे बरोबर होते. दहा फुटांचे गाळे दहा होतात, पण पहिल्या गाळ्याच्या आधीही एक खांब लागतो. भागाकार चुकला नव्हता. मुलांनी मोजले गाळे, आणि उत्तर दिले खांबांचे.

आता याच प्रश्नाला थोडा पीळ देऊ. तेच शंभर फुटांचे कुंपण गोल विहिरीभोवती घालायचे असेल तर? तर मात्र दहाच खांब पुरतात, कारण शेवटचा गाळा पहिल्याच खांबाला येऊन मिळतो. म्हणजे ‘दहा की अकरा’ याचे उत्तर नुसत्या आकड्यांत नाही. कुंपण उघडे आहे की मिटलेले, यात ते आहे.

ज्यांचे उत्तर अनपेक्षित निघते अशा काही प्रश्नांविषयी आज मला आपल्याशी बोलायचे आहे. अशा प्रश्नांची आपल्याकडे वाण नाही. आपल्या आजीबाई अंथरुणावर पडल्या पडल्या नातवंडांना कोडी घालत आल्या आहेत. पण काही प्रश्न नुसते शब्दांत गुंतवून समोरच्याला फजीत करण्यासाठी असतात. ते क्षणभर हसवतात आणि विसरले जातात. काही प्रश्न मात्र असे असतात, की त्यांचे उत्तर कळल्यावर आपण रोज पाहत असलेली वस्तू जरा निराळी दिसू लागते. मी बोलतो आहे ते या दुसऱ्या जातीच्या प्रश्नांविषयी. आणि त्यांसाठी लांब जायला नको. केंदूरच्या आसपास पाच-दहा कोसांत ते पोत्याने सापडतात.

पहिला प्रश्न झाडाचा. उंबराला फूल येते का? फार दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण ‘काय, उंबराचे फूल झालात की!’ असे म्हणतो. उंबराचे फूल कोणी पाहिलेलेच नसते, म्हणून हा वाक्प्रचार. तेव्हा ‘येत नाही’ हे उत्तर तोंडाशी येते. परंतु पुढच्या खेपेस उंबराचे एक कोवळे, हिरवे फळ तोडा आणि उभे चिरून पाहा. आत बारीक बारीक कोंब दाटीने बसलेले दिसतील. तीच उंबराची फुले! एकदोन नव्हेत, शेकडो. आपण ज्याला फळ म्हणतो ती खरोखर आतून पोकळ अशी फुलांची थैली आहे. तिच्या टोकाला एक अरुंद तोंड असते. त्या वाटेने एक चिलटाएवढी गांधीलमाशी आत शिरते, फुलांवर पराग पोहोचवते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. तिची पुढची पिढी त्याच थैलीत वाढते. त्यांतल्या माद्या पराग घेऊन बाहेर पडतात आणि दुसरे उंबर गाठतात. उंबर फोडल्यावर भुर्रकन उडणारी केंबरे ही अशी आहेत. ती नसती तर उंबराला बीज धरले नसते. म्हणजे उंबराचे फूल दुर्मिळ नाही. फूल म्हणजे रंगीत पाकळ्यांचे आणि उघडे, अशी आपली कल्पना होती, म्हणून ते डोळ्यांसमोर असून दिसले नाही.

दुसरा प्रश्न सूर्याचा. सूर्य आपल्या डोक्यावर बरोबर केव्हा येतो? कोणीही सांगेल, ‘रोज दुपारी बारा वाजता.’ या उत्तरात ‘रोज’ हेही खरे नाही आणि ‘बारा वाजता’ हेही नाही. केंदूरच्या अक्षांशावर सूर्य नेमका माथ्यावर येतो तो वर्षातून फक्त दोन दिवस: एकदा १५ मेच्या आगेमागे आणि पुन्हा २९ जुलैच्या आगेमागे. त्या दिवशी उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. दिल्लीकरांच्या नशिबी तर असा एकही दिवस नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

आणि हे घडते तेव्हा घड्याळात बारा वाजलेले नसतात. मे महिन्यात साडेबाराच्या सुमारास आणि जुलैत बारा वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास हा योग येतो. असे का? आपले भारतीय प्रमाणवेळेचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे. ती रेषा अलाहाबादजवळून, म्हणजे आजच्या प्रयागराजजवळून जाते. केंदूर तिच्या पश्चिमेला सुमारे साडेआठ अंश आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. साडेआठ चोक चौतीस. तेवढ्या मिनिटांनी आपली मध्यान्ह मागे पडते. शिवाय पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट पुरती वाटोळी नाही आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे यात आणखी काही मिनिटांची चढउतार होते. फेब्रुवारीच्या मध्याला आपली खरी मध्यान्ह पाऊण वाजून गेल्यावर होते. नोव्हेंबरच्या आरंभी ती सव्वाबारा वाजून गेल्यावर लगेच होते. प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, तरी मुंबईने आपली जुनी वेळ सहजासहजी सोडली नाही. ‘बाँबे टाइम’ हा प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे असे, आणि तो १९५५ पर्यंत रेंगाळला. घड्याळ हे माणसांनी सोयीसाठी केलेले ठराव आहे, हे त्या पिढीला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. हे माझ्या शब्दावर मानू नका. शाळेच्या पटांगणात एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ रोवा. बारा ते एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही, हे पहिल्याच दिवशी चौथीच्या मुलालाही दिसेल. २२ डिसेंबरला ही आखूड सावलीसुद्धा सुमारे नव्वद सेंटिमीटर भरेल आणि ती उत्तरेकडे असेल. जूनमध्ये ढगांनी कृपा केली तर २१ तारखेला पाहा. सावली जेमतेम आठ सेंटिमीटर असेल, आणि ती दक्षिणेकडे पडलेली असेल! एक पैसा खर्च नाही, आणि मुलगा आयुष्यभर विसरणार नाही.

आता उन्हातून स्वयंपाकघरात येऊ. केंदूर हे संत कान्हूराज पाठकांचे गाव. परंपरा त्यांना ज्ञानेश्वरांच्या काळातले मानते, आणि ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली ती १२९६ साली. तर प्रश्न असा: त्या काळी केंदुरात एकादशीच्या फराळाला साबुदाण्याची खिचडी होत असेल का? आपल्याला वाटते, उपवासाचा पदार्थ म्हणजे पूर्वापार चालत आलेला. पण खिचडीचे एकेक जिन्नस पाहा. आज बाजारात मिळणारा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून करतात. तो कंद मूळचा अमेरिका खंडातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटाही तिकडचाच, त्याचे नावसुद्धा आपण पोर्तुगिजांकडून घेतले. आणि मिरची? तीही अमेरिकेतून आलेली. कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला १४९२ साली. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली. गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेले १५१० साली. त्यापूर्वी महाराष्ट्रातल्या एकाही चुलीवर मिरचीची फोडणी पडलेली नाही. तिखटासाठी लोक मिरे, पिंपळी, सुंठ वापरीत. ‘मिरची’ हे नावच मुळी ‘मिरे’ या शब्दाचे लेकरू आहे. एवढेच काय, उपवासाची रताळी आणि राजगिरा हीसुद्धा अमेरिकेकडची. वरीचे तांदूळ म्हणजे भगर मात्र आपली, या मातीतली.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे आमचा उपवास खोटा की काय? मुळीच नाही. उपवास निष्ठेने होतो, जिन्नसांनी नव्हे. उलट यातून आपल्या घरातल्या बायकांचे कौतुकच वाटावे. सातासमुद्रापलीकडून आलेले कंद, दाणे आणि मिरच्या त्यांनी इतक्या आपल्याशा करून टाकल्या, की ते परके होते हेच कोणाला आठवत नाही.

मग भाकरी तरी आपली ना? बाजरीची भाकरी हे तर शिरूर-दौंडकडचे जीवन. बाजरीचे मूळ घर आहे आफ्रिकेच्या पश्चिम भागात, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला. तेथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसाने ती शेतात लावली होती. ज्वारीही आफ्रिकेचीच, सुदानच्या बाजूची. दोन्ही पिके हजारो वर्षांपूर्वी भारतात आली आणि येथली झाली. आता विचार करा, साडेतीन हजार वर्षांपूर्वी शिरूर तालुक्यातला शेतकरी मुख्यतः कोणते धान्य पिकवीत असेल? बाजरी? ज्वारी? उत्तर आहे: जव, ज्याला आपण सातूही म्हणतो.

हे कोणी स्वप्नात पाहिलेले नाही. घोडनदीच्या काठी, याच तालुक्यात, इनामगाव आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही त्यांतली प्रमुख मंडळी. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत नांदलेले एक शेतकऱ्यांचे गाव त्यांना जमिनीखाली सापडले. घरांच्या भुया, चुली, रांजण, पाणी खेळवण्यासाठी काढलेला पाट, घराच्या भुईखाली मडक्यांत पुरलेली लहान मुले आणि जळून काळे झालेले धान्याचे दाणे. त्या दाण्यांत जव प्रमुख. जळल्यामुळेच ते दाणे टिकले. चुलीशी सांडलेले चार दाणे हजारो वर्षांनी साक्ष देतील, असे त्या घरातल्या बाईला कधी वाटले असेल का?

आता एक प्रश्न इतिहासाचा. थोरल्या बाजीराव पेशव्यांची समाधी कोठे आहे? पुष्कळ शिकलेली माणसेही ‘पुण्यात’ म्हणतात. शनिवारवाडा बाजीरावांनी बांधला. १७३० साली त्याचा पाया घातला गेला. पण त्यांचा देह पडला तो नर्मदेच्या काठी, रावेरखेडी येथे, २८ एप्रिल १७४० रोजी. आणि त्यांची समाधी तेथेच, आजच्या मध्यप्रदेशात आहे. त्याच वर्षी मस्तानीही गेली. तिची कबर कोठे, हे केंदूरकरांना विचारायला नको. ती शेजारच्या पाबळला आहे. पाबळ आणि लोणी यांबरोबर केंदूरही तिला इनाम दिले होते, असे सांगतात. त्यांचा मुलगा समशेरबहादूर १७६१ साली पानिपतच्या रणातून जखमी होऊन निघाला आणि भरतपूरकडे मरण पावला. बाप नर्मदेकाठी, आई पाबळला आणि मुलगा भरतपुराकडे! राज्यकर्त्यांची समाधी राजधानीत असणार, असे आपण मनाने ठरवून टाकतो. ज्याचे आयुष्य घोड्यावर गेले, त्याचे मरण वाड्यात कोठून येणार?

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. ‘मस्तानीची कबर कोठे?’ हा प्रश्न एखाद्या शहरी स्पर्धेत अवघड म्हणून विचारतील. केंदूरच्या पोराने ती बाजाराला जाता-येता पाहिलेली असते. अवघड आणि सोपे हे प्रश्नाच्या अंगी नसते. आपण कोठे उभे आहोत, यावर ते ठरते. खेड्यातल्या मुलाला आपल्याला काही येत नाही असे वाटते, याचे एक कारण असे, की त्याला जे येते त्याविषयी त्याला कोणी विचारतच नाही.

शेवटचा प्रश्न पाण्याचा. शिरूर तालुक्यातली वेळ नदी, घोडनदी, यांचे पाणी कोणत्या समुद्राला जाते? नकाशा डोळ्यांपुढे आणा. अरबी समुद्र जवळ. बंगालचा उपसागर पार देशाच्या दुसऱ्या अंगाला. तेव्हा ‘अरबी समुद्राला’ हे उत्तर चटकन येते. पण वेळ असो की घोड, दोघीही भीमेला मिळतात. भीमा उगम पावते भीमाशंकरला. तेथून पश्चिमेचा समुद्र शंभर किलोमीटरांच्याही आत आहे. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते, सुमारे ८६० किलोमीटर चालून रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. कारण सह्याद्री हा घराच्या आढ्यासारखा आहे. कोकणाकडचा उतार आखूड आणि उभा, देशाकडचा लांब आणि मंद. पाणी समुद्र किती जवळ आहे हे बघत नाही, पायाखालचा उतार बघते.

आणि या वाटेवर एक गोड गोष्ट आहे. हीच भीमा दौंडवरून जाते, १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणात विसावते आणि पुढे पंढरपुरास चंद्रकोरीसारखे वळण घेऊन चंद्रभागा होते. म्हणजे केंदूरचा वारकरी आषाढीला निघण्यापूर्वीच त्याच्या शिवारातले पावसाचे पाणी पंढरीच्या वाटेला लागलेले असते.

श्रोतेहो, हे सारे सांगण्यात माझा हेतू आपली करमणूक व्हावी एवढाच नाही. आज कोणत्याही प्रश्नाचे उत्तर खिशातल्या मोबाइलवर क्षणात मिळते. सामान्यज्ञानाची पुस्तके तर एस.टी. स्टँडवरही मिळतात. मुले ती पाठ करतात, परीक्षांसाठी ते करावेही लागते. त्याला माझी हरकत नाही. पण अशा पाठांतरात उत्तर हाती येते आणि प्रश्न निसटून जातो. ‘मिरची कोठली? अमेरिकेची.’ एवढे पाठ करणाऱ्या मुलाला, मग त्यापूर्वी आपली माणसे तिखट म्हणून काय खात होती, हे विचारावेसे वाटले नाही, तर त्याच्या हाती फक्त एक शब्द लागला.

म्हणून शिक्षकांना मी तीन गोष्टी सुचवतो. पहिली, उत्तर आल्याबरोबर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणू नका, ‘कशावरून?’ असे विचारा. अकरा म्हणणाऱ्या मुलापाशी ‘कशावरून’चे उत्तर असते, कारण त्याने खांब रोवलेले असतात. वर्गात बाकीचे सगळे दहा म्हणत असताना त्याला गप्प बसवले, तर तो पुन्हा बोट वर करणार नाही; आणि वर्गातला खरे पाहणारा एक साक्षीदार आपण कायमचा गमावू. दुसरी, एखादा मुलगा ‘सर, कुंपण सरळ की गोल?’ असे उलट विचारील, तर त्याला उद्धट समजू नका. त्याने प्रश्न नीट ऐकला, हाच त्याचा अर्थ. तिसरी, दर आठवड्याला एक प्रश्न असा काढा, की ज्याचे उत्तर गावातच शोधावे लागेल. आपल्या विहिरीचा दगड कोणता, वेशीचे तोंड या बाजूला का, आजीच्या लहानपणी घरात कोणते धान्य दळत, अमुक शेताला तमुक नाव कसे पडले. यांची उत्तरे कोणत्याही मार्गदर्शकात नाहीत. त्यासाठी मुलाला म्हाताऱ्या माणसांपाशी बसावे लागेल, आणि त्यात दोघांचाही फायदा आहे.

घरच्या मंडळींनाही एक सांगणे आहे. आज जेवायला बसाल तेव्हा ताटातल्या प्रत्येक पदार्थावर बोट ठेवून मुलांना विचारा, हा मूळचा कोठला? पुष्कळशी उत्तरे आपल्यालाही ठाऊक नसतील. मग मुलांबरोबर आपणही शोधायला लागा. आणि उद्या दुपारी उन्हात काठी रोवायला विसरू नका. घड्याळ मात्र जवळ ठेवा.